हाती दिलेले भांडवल

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या तिसऱ्या चाकराबद्दल आपल्या मंडळ्यांत फार कमी बोलले जाते. पाचाचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा यांच्यावर संदेश होतात, युवक शिबिरात त्यांच्यावर नाटुकली बसवली जाते. तिसऱ्याला मात्र आळशी म्हणून आपण चटकन बाजूला सारतो. हा माणूस नीट पाहिला पाहिजे, कारण तो आपल्यातलाच आहे. त्याने चोरी केली नाही, धन्याचे पैसे जुगारात घालवले नाहीत, ते घेऊन परागंदाही झाला नाही. जेवढे हाती आले तेवढे त्याने जपून ठेवले आणि धनी परत आल्यावर छदामही कमी न करता पुढे केले. आपल्या गावाच्या मापाने तो सज्जन ठरला असता. तरीही येशूने सांगितलेल्या दाखल्यांत ज्यांचा शेवट सर्वांत कठोर आहे, त्यांत हा बसतो.

त्याला थोडेच मिळाले होते, म्हणून तो खट्टू झाला, असे समजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण हिशेब करून पाहा. त्या काळी एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे या चाकराच्या हाती जवळजवळ वीस वर्षांची मजुरी एकदम ठेवली गेली होती. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाने ही रक्कम क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. सर्वांत कमी ज्याला मिळाले, त्यालाही आयुष्य पालटून टाकील एवढे मिळाले होते. देवाच्या हिशेबात किरकोळ देणगी नाही, हे या दाखल्यातले पहिले सत्य आहे, आणि ते ऐकूनही आपण ऐकत नाही.

दुसरे सत्य त्याच्या उत्तरात आहे. त्याने जे पुरले, ते भीतीने पुरले. धनी कठोर आहे, तो हिशेबात पकडील, म्हणून हात न लावणेच बरे, असे त्याने ठरवले. तोच धनी बाकीच्या दोघांचाही होता. त्यांनी त्याच्या देण्यात विश्वास पाहिला, याने सापळा पाहिला. देवाबद्दल मनात जशी प्रतिमा असते, तसा माणूस आपल्या गुणांशी वागतो. आमच्या भुदरगड तालुक्यात शेतकरी पावसाआधी कोरड्या मातीत भाताची धूळवाफ पेरणी करतो. पाऊस येणार, या भरवशावर तो घरातले बियाणे मातीत टाकतो. पाऊस वैरी आहे असे मानणाऱ्याने ते बियाणे कणगीतच ठेवले असते आणि पुढच्या साली त्याच्या शेतात गवत उगवले असते.

हे पुस्तक गारगोटी आणि आसपासच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती घरांसाठी आहे. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, वेदगंगेच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव. इथल्या परिसरात ख्रिस्ती माणसे थोडी. एखाद्या खेड्यात चार घरे, एखाद्या खेड्यात एकच. शहरातल्या मोठ्या मंडळीत ऑर्गन वाजवणारा आजारी पडला तर दुसरा असतो. लहान मंडळीत पेटी वाजवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, की उपासना टाळ्यांवर चालते. म्हणून इथे एकाची देणगी पुरली गेली, तर तिची पोकळी सगळ्यांना दिसते. लहान मंडळीला हा विषय अधिक निकडीचा आहे, असे मला मनापासून वाटते.

कृपादान म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ येते. जो बोलतो, जो गातो, जो मोठ्याने प्रार्थना करतो, त्यालाच देवाने काही दिले आहे, असा समज खोलवर रुजला आहे. नव्या करारात कृपादानांचे उल्लेख चार ठिकाणी प्रामुख्याने येतात: रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा, इफिसकरांस पत्राचा चौथा आणि पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर व्यासपीठावर न दिसणाऱ्या गोष्टी त्यांत पुष्कळ सापडतात. सेवा करणे, दान देणे, दया करणे, कारभार पाहणे, दुसऱ्याला हातभार लावणे. पौलाने हे उपदेशाच्या आणि भविष्यवाणीच्या रांगेतच बसवले आहे. पेत्र तर घरी आलेल्याचे आनंदाने आदरातिथ्य करायला सांगतो आणि त्याच दमात कृपादानांकडे वळतो.

जुन्या करारात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. देवाच्या आत्म्याने भरलेली माणसे म्हणून ज्यांचा उल्लेख शास्त्रात प्रथम येतो, ती राजे नव्हेत, संदेष्टेही नव्हेत, ती कारागीर आहेत. निर्गमाच्या पुस्तकात याजकांची वस्त्रे शिवणारे येतात, आणि मग बसालेल येतो. तो सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांत काम करणारा. त्याच्या जोडीला अहलियाब. बसालेलाला फक्त कसब मिळाले नव्हते, दुसऱ्याला शिकवण्याची बुद्धीही मिळाली होती. कोल्हापूर जिल्ह्याच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. हुपरीच्या चांदीकामात आणि कापशीच्या चपलेत बोटांचे शहाणपण काय असते, हे आपण पाहत आलो आहोत. तेच शहाणपण देवाच्या भवनात पवित्र मानले गेले.

प्रेषितांच्या कृत्यांतली टबीथा, म्हणजे दुर्कस, हे माझे सर्वांत आवडते उदाहरण. ती यापोत राहत होती. ती मेल्यावर पेत्राला बोलावून आणले, तेव्हा माडीवर विधवा रडत उभ्या होत्या आणि तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवत होत्या. तिचा एकही शब्द शास्त्रात नोंदलेला नाही. नोंद आहे ती तिच्या टाक्यांची. कोणी मेल्यावर त्याच्याविषयी चार भाषणे होतात. ते कपडे त्या भाषणांपेक्षा जास्त बोलले.

आता आपल्या मराठी मुलखाकडे येऊ. या विषयावर बोलताना परदेशातली उदाहरणे शोधण्याची आपल्याला गरज नाही, आपली मंडळी साक्षींनी श्रीमंत आहे. तरी ती उदाहरणे आपण दुरून नमस्कार करून सोडून देतो. मला त्यांतल्या तिघांकडे जरा जवळून पाहायचे आहे.

पहिल्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके कडक, की त्याचा जाच सगळ्या घराला. शाळा कसली ती नाही. लग्न लहानपणीच नारायण वामन टिळकांशी झाले. अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून, तीही रडतखडत. १८९५च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि या बाईच्या आयुष्याची दोन शकले झाली. काही वर्षे त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, मग त्याच्याकडे आल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. तोवर त्यांच्या हाती काय होते, ते मोजा. पदवी नाही, पैसा नाही, माहेरचा आधार नाही. होती ती पाहण्याची नजर, माणसे ओळखण्याची समज, आणि जसे बोलावे तसे सांगण्याची हातोटी. ही हातोटी देणगी आहे, हे त्यांना कोणी सांगितले असते तर त्या हसल्या असत्या. १९३४ ते १९३६ या काळात त्यांची 'स्मृतिचित्रे' चार भागांत आली, आणि मराठी आत्मचरित्राची चर्चा आजही त्या पुस्तकाला वगळून पुढे जात नाही. १९३६च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. म्हणजे त्यांनी आपले भांडवल बाहेर काढले ते साठी उलटल्यावर. 'आता माझे काय राहिले?' असे म्हणणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी ही तारीख लक्षात ठेवावी.

टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र काव्यात आणण्यासाठी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले, तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. पुढचे बहुतेक सगळे काव्य लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्याने जोडाक्षरे शिकवलेल्या बाईने नवऱ्याचे अपुरे काव्य पुढे नेले. दोन तालंत कसे चार होतात, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

टिळकांबद्दलही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. त्यांची प्रतिभा वादातीत आहे. 'उपासना संगीता'त त्यांची आणि कृष्ण रत्नाजी सांगळे यांची गीते काढून टाकली, तर मराठी ख्रिस्ती उपासना मुकी होईल. पाश्चात्त्य चालींऐवजी अभंग, भजन, कीर्तन यांतून ख्रिस्ताची भक्ती करता येते, हे टिळकांनी करून दाखवले. पण 'स्मृतिचित्रे' प्रेमाने लिहिलेले असले, तरी काही लपवणारे नाही. टिळक हातात आलेले देऊन टाकत, रागाच्या भरात नोकरी सोडत, आणि घरात उद्याची भाकरी कशी होणार, हे लक्ष्मीबाईंना पाहावे लागे. एकाच्या उदारपणाची किंमत दुसऱ्याने चुकवली. दानशूर माणसांच्या घरी हे घडते, आणि मंडळीत त्यावर कोणी बोलत नाही. माझे मत असे, की लक्ष्मीबाईंनी त्या घरात चूल पेटती ठेवली, अनाथ मुलांना जेवू घातले, तेही टिळकांच्या कवितांइतकेच कृपादान होते. टिळकांना ते शेवटी उमगले असावे, असे लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातून वाटत राहते.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांची गोष्ट लक्ष्मीबाईंच्या उलट. यांच्याकडे सुरुवातीलाच पाच तालंत होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, आणि आईने मुलीला. त्या काळी हे जवळजवळ अघटितच. आईबाप दुष्काळात गेले. भावाबरोबर पायी देश हिंडत रमाबाई कलकत्त्याला पोहोचल्या, आणि १८७८ साली तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. वय अवघे वीस. भाऊ गेला, नवरा गेला, कडेवर मुलगी. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. अमेरिकेत जाऊन भाषणे, तिथून मिळालेल्या मदतीवर १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग ते पुण्याला, आणि पुढे दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या बायकामुलींसाठी केडगावचे मुक्ती मिशन. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे.

पाठ्यपुस्तकात नसते ते त्यांचे शेवटचे काम. बायबलचा मराठी अनुवाद करायचा, तर मूळ भाषांतून करायचा, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्या बाईला संस्कृतात शास्त्रार्थ करता येत होता, तिने ठरवले, की हे भाषांतर खेड्यातल्या बाईला समजेल अशा साध्या मराठीत व्हायला हवे. पंडिताला पांडित्य बाजूला ठेवणे सर्वांत जड जाते. मुक्तीत छापखाना होता आणि तिथे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या बायका दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या होत्या. एक-एक खिळा उलटा बसवायचा, ओळ बांधायची, काना-मात्रा-वेलांट्या तपासायच्या. थोड्या वर्षांपूर्वी ज्यांना कोणी अन्नालाही विचारले नव्हते, त्यांच्या बोटांतून शास्त्राची पाने बाहेर पडत होती. अनुवाद पुरा करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. आदल्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती.

रमाबाईंनी स्वतःची देणगी वापरली, हे मोठेच. पण मला अधिक मोठे वाटते ते हे, की त्यांनी शेकडो बायकांच्या पुरल्या गेलेल्या देणग्या खणून काढल्या. माग, शेती, छापखाना, शिकवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा, ज्या कामात जिचा हात बसेल त्या कामात तिला उभे केले. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पुढाऱ्यांचे काम नेमके हेच सांगितले आहे. पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायचे. पाळकाने सगळी सेवा स्वतः करावी, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही.

तिसरे डॉ. विल्यम वानलेस. हे कॅनडातले. १८८९ साली ते आपल्या भागात आले, आधी सांगलीत, मग मिरजेत. १८९४ साली मिरजेचे रुग्णालय सुरू झाले. वानलेस शस्त्रक्रियेत निष्णात होते आणि लांबलांबून माणसे मोतीबिंदू काढून घ्यायला मिरजेची वाट धरत. पण त्यांच्या हाताचे कौतुक करून थांबणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे. रुग्णालय उभे राहून तीन वर्षे होतात न होतात, तोच १८९७ साली त्यांनी तिथे वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि इथल्या तरुणांना शिकवायला घेतले. बसालेलाबद्दल जे लिहिले आहे तेच इथेही. कसब आणि ते दुसऱ्याच्या हाती देण्याची वृत्ती. निष्णात माणसाला हे दुसरे कठीण असते, कारण शिकणाऱ्याच्या हातून काम हळू होते आणि रोगी तर दारात रांग लावून बसलेले असतात. वानलेस यांनी तो वेळ दिला. १९२८ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला, १९३३ साली ते गेले. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे, तिथून एसटीने जाणाऱ्या कितीजणांना हे नाव कोणाचे, ते ठाऊक असेल, देव जाणे.

ही परंपरा कोल्हापूर भागात याच्याही आधीची आहे. १८५२ साली मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. बेळगावात जन्मलेले बाबा पद्मनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली त्यांचे 'यमुनापर्यटन' आले, विधवांच्या दुःखावर. मराठी कादंबरीचा इतिहास त्या पुस्तकापासून सुरू होतो. आणि फार मागे गेलो, तर गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स भेटतात. हे इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि १६१६ साली रायतूर इथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपल्या ओवीत एवढे बळ ओतले. अगदी अलीकडचे पाहायचे, तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी बायबल आजच्या मराठीत आणले, 'हरित वसई'च्या चळवळीत ते रस्त्यावर उतरले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पाळकाने शब्दही सांभाळावेत आणि झाडेही, हे त्यांनी एकाच आयुष्यात केले.

गारगोटीत बसून लिहिताना एक नाव टाळणे मला शक्य नाही, जरी ते ख्रिस्ती मंडळीतले नाही. डॉ. जे. पी. नाईक. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचा हा माणूस. १९४७ साली गारगोटीत मौनी विद्यापीठ उभे राहिले ते त्यांच्या कल्पनेतून, आणि नाव दिले पाटगावच्या मौनी महाराजांचे. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून त्यांनी सगळ्या देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडला. आकडेवारी आणि नियोजन यांत त्यांची बुद्धी अशी चाले, की त्यांना दिल्ली आणि युनेस्को दोन्ही खुली होती. तरी त्या बुद्धीचे मोठे दान त्यांनी डोंगराखालच्या एका गावाला दिले, जिथे तेव्हा धड रस्तेही नव्हते. सूर्य आणि पाऊस देव सर्वांना देतो, तशी बुद्धीही देतो. देवाने दिलेले गुण मंडळीच्या भिंतींबाहेरही फळ देतात, हे मान्य करायला आपल्याला संकोच वाटू नये. उलट लाज वाटावी ती याची, की ज्यांना हिशेब देणे आहे असे आपण मानतो, ते आपण कधीकधी त्यांच्यापेक्षा कमी झटतो.

देणगी जेवढी मोठी, तेवढा तिचा धोका मोठा. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात बाराव्या अध्यायात कृपादाने सांगितली, चौदाव्यात ती वापरायची कशी ते सांगितले, आणि दोहोंच्या मध्ये प्रीतीचा अध्याय ठेवला. लग्नांत वाचला जाणारा तो तेरावा अध्याय मुळात भांडणाऱ्या मंडळीसाठी आहे. करिंथात कृपादानांची वाण नव्हती, ती एकमेकांना कमी लेखण्यासाठी वापरली जात होती. आपल्याकडेही गायनमंडळात कोणी पुढे उभे राहायचे यावरून वर्षानुवर्षांचे अबोले झालेले आहेत. अशा वेळी माणूस देणगी पुरत नाही, तिच्यावर आपले नाव कोरतो. धन्याच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी सारख्याच. मालकी धन्याची, आपण कारभारी, आणि कारभाऱ्याकडे मागितला जातो तो विश्वासूपणा. दाखल्यात धनी पाचवाल्याला आणि दोनवाल्याला एकाच शब्दांत शाबासकी देतो, ही गोष्ट मला फार दिलासा देते. नफ्याच्या आकड्यावरून त्याने प्रेम कमीजास्त केले नाही.

आता जे सांगायचे ते जरा कडू आहे. देणग्या पुरणारे सगळेच भित्रे नसतात, अनेकदा दुसऱ्याची देणगी आपण, म्हणजे मंडळीच, पुरतो. तरुण मुलगा नवी चाल बसवून आणतो आणि त्याला सांगितले जाते, की आमच्याकडे असे गात नाहीत. बाईला शास्त्र उत्तम समजते, पण तिला दर वर्षी फक्त चहापाण्याची जबाबदारी दिली जाते. गवंडीकाम करणारा भाऊ उपासनेत मागच्या बाकावर बसतो. मंदिराची भिंत ओल धरते, गिलावा सुटतो, तेव्हा बाहेरचा ठेकेदार बोलावला जातो आणि त्या भावाला कोणी विचारतही नाही. एखाद्या निवृत्त कारकुनाचे अक्षर मोत्यासारखे असते, आयुष्यभर त्याने कीर्द-खतावणी लिहिलेली असते, आणि मंडळीचे पावतीपुस्तक मात्र कोणाच्या तरी पिशवीत चुरगळलेले सापडते. आणि मग वार्षिक सभेत आपण म्हणतो, आमच्या मंडळीत माणसे नाहीत.

हिशेब ठेवणे ही आत्मिक सेवा आहे, हे मी मुद्दाम ठासून सांगतो. अर्पण दोघांनी मिळून मोजणे, त्याच दिवशी वहीत चढवणे, पावती फाडणे, महिन्याला बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहणे. एवढे साधे काम नीट झाले नाही, म्हणून किती मंडळ्यांत फूट पडली, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगायला नको. पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेली, तेव्हा मंडळ्यांनी निवडलेले विश्वासू सोबती बरोबर घेतले, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. ज्याला आकडे जमतात आणि ज्याचे मन स्वच्छ आहे, त्याला देवाने कृपादान दिले आहे. त्याला ते वापरू द्या.

तसेच आणखी एक. प्रत्येक मंडळीत एखादी बाई असते, तिला उपासना संपल्याबरोबर कळलेले असते, की आज कोण आले नाही. ती संध्याकाळी त्या घरी जाते. कोणी कोल्हापूरला रुग्णालयात असेल, तर पहिल्या गाडीने डबा पोहोचतो. तिच्या डब्यात भाकरी असते, वांग्याची भाजी असते, आणि रुग्णाजवळ बसलेल्या माणसासाठीही दोन भाकऱ्या जास्त असतात, कारण त्याचीही भूक तिला आठवते. तिला विचारले, की तुझे कृपादान काय, तर ती म्हणेल, माझ्याकडे कसले आले कृपादान. रोमकरांस पत्रात जिला दया म्हटले आहे, ती हीच, आणि ती हर्षाने करावी, असेही तिथे लिहिले आहे. मंडळीने तिला हे तिच्या तोंडावर सांगितले पाहिजे. आणि तिच्या अंगावर सगळा भार टाकून ती थकेल, असेही होऊ देता कामा नये. तिच्याबरोबर एखादी तरुण मुलगी जायला हवी.

पुढचे धडे घरबैठकींत चार-सहा जणांनी मिळून वाचावेत, अशा बेताने लिहिले आहेत. एकट्याने वाचले तरी चालेल, पण एकट्याला स्वतःची देणगी सहसा दिसत नाही. ती शेजाऱ्याला दिसते. म्हणून प्रत्येक धड्यानंतर स्वतःबद्दल बोलण्याआधी शेजारी बसलेल्याबद्दल बोला. त्याच्या हातून तुमचे कधी भले झाले, ते नेमके सांगा. नुसते 'फार चांगला माणूस' म्हणून सोडू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मधोमध बसवा आणि मोठ्याने वाचा. आणि जे नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेले आहेत, त्यांना सुट्टीत गावी आल्यावर या बैठकीला बोलवा, त्यांच्याकडे असलेले कसब गावालाही लागते.

पाळकांना आणि वडिलांना माझी एक विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत जमाखर्चाच्या आधी एक कोरी वही पुढे ठेवा. मंडळीतल्या प्रत्येक घराचे नाव लिहा, लहान मुलांसकट. नावापुढे त्या माणसाला काय येते, ते त्याला आणि इतरांना विचारून लिहा. गवंडीकाम, शिवणकाम, वीजजोडणी, हिशेब, गाणे, आजाऱ्याजवळ रात्र काढणे, मुलांना गोष्ट सांगणे, भांडणात मध्ये पडून दोघांना शांत करणे, सगळे लिहा. मग त्या वर्षाची कामे त्या वहीतून वाटा. कोणाच्याही नावापुढची जागा रिकामी राहिली, तर सभा उठवू नका. त्या माणसाला अजून नीट विचारा.